पवित्र शास्त्र (बायबल) वाचताना या चुका टाळा: आधी बघा, कोण कुणाशी बोलतोय

नाशिक रोडला एका कुटुंबाने दुकान टाकले तेव्हा गल्ल्यामागच्या भिंतीवर वचनाची फ्रेम लावली. ईयोब ८:७, म्हणजे शास्त्रातल्या ईयोब या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाचे सातवे वचन. सुरुवात लहान असली तरी शेवट भरभराटीचा होईल, अशा अर्थाचे वचन. उद्घाटनाच्या पत्रिकेवर आणि गृहप्रवेशाच्या बॅनरवर आपल्याकडे हे हमखास असते. दोन वर्षांनी त्या घरातला तरुण मुलगा गेला. आईने आधारासाठी तोच अध्याय उघडला, कारण संदर्भ पाठ होता. सातव्याच्या आधी चौथे वचन लागते. तिथे लिहिले आहे की मुलांनी देवाविरुद्ध पाप केले, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिले. त्यानंतर कितीतरी महिने त्या बाईंनी पुस्तक उघडले नाही.

हे बोलणारा देव नाही, संदेष्टाही नाही. तो बिल्दद शूही आहे, ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक. दहा मुले गमावलेल्या बापासमोर बसून तो हिशेब मांडतो: मुले मेली म्हणजे त्यांनी पाप केले असणार, तू नीट वागलास तर तुझे पुन्हा चांगले होईल. सातवे वचन त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव या तिघा मित्रांवर संतापतो आणि सांगतो की माझ्याविषयी जे यथार्थ ते तुम्ही बोलला नाहीत. ज्या भाषणाला देवाने स्वतः चुकीचे ठरवले, त्याची एक ओळ आपण आशीर्वाद म्हणून भिंतीला टांगतो. ती फ्रेम भेट देणाऱ्याने अख्खा अध्याय वाचला असता, तर त्या आईवर ही वेळ आली नसती. आठव्या अध्यायात २२ वचने आहेत, वाचायला चार मिनिटेही लागत नाहीत.

म्हणून सुटे वचन हातात आले, मग ते वॉच नाईटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, काढलेल्या कार्डावरचे असो की पहाटे व्हॉट्सॲपवर आलेले, आधी त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वचने वाचा. वहीत तीन ओळी लिहा: कोण बोलतोय, कुणाशी बोलतोय, हे बोलायची वेळ का आली. या तिन्हींची उत्तरे सापडेपर्यंत ते वचन कुणालाही पुढे पाठवू नका. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी वचन पाठवायलाही वेळ काढू नये.

यिर्मया २९:११ चे असेच होते. हिताचे संकल्प, भविष्य, आशा हे शब्द परीक्षेच्या दिवसांत आणि व्हिसाच्या मुलाखतीआधी फिरत राहतात. हे एका पत्रातले वाक्य आहे. यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असे लोकांना सांगतो, आणि ते खोटे ठरते. यिर्मया लिहितो: घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात मुदत दिली आहे, ७० वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. एवढे कळल्यावरही वचन आशेचेच राहते. पण ती आशा पुढच्या महिन्याच्या निकालाची नसते, परक्या नगरात सत्तर वर्षे टिकून राहण्याची असते.

इथे मराठी वाचकाची एक खास गफलत होते. आपण आदरानेही ‘तुम्ही’ म्हणतो, त्यामुळे पत्रातले ‘तुम्हांला’ हे देव मला एकट्याला मानाने म्हणतोय असे कानाला वाटते. आपल्या भाषांतरात देव एका माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ येते. देवाच्या तोंडी ‘तुम्ही’ आले की समोर अनेकजण आहेत असे समजा. लूक २२:३१-३२ उघडा. सैतानाने ‘तुम्हांला’ चाळण्याची मागणी केली, म्हणजे सगळ्या शिष्यांना. पण येशू शिमोनाला (पेत्राला) म्हणतो, मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली. दोन वचनांत सर्वनाम बदलते आणि अर्थही त्याच्याबरोबर हलतो. १ करिंथकरांस ३:१६ मधले ‘तुम्ही देवाचे मंदिर’ हेही गटागटांत फुटलेल्या अख्ख्या मंडळीला उद्देशून आहे. सर्वनामांखाली पेन्सिलने रेघ मारत वाचायची सवय लावून घ्या.

जानेवारीतला उत्साह

शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत (कॅथलिक आवृत्तीत पुस्तके ७३). वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय पडतात. १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला माणूस २३-२४ तारखेला निर्गम २५ ला पोहोचतो. तिथून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, पडदे, फळ्या आणि कड्या सुरू होतात. महिना संपता संपता लेवीय लागते. बहुतेकांची खूणपट्टी तिथेच राहते, आणि पुढच्या जानेवारीत गाडी पुन्हा ‘प्रारंभी देवाने’पासून निघते. उत्पत्तीची पाने मळलेली आणि हाग्गयची कोरी, अशी कितीतरी पुस्तके घराघरांत आहेत.

नवख्याने नव्या करारापासून (येशूपासून पुढच्या भागापासून) सुरुवात करावी. त्यात बरोबर २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतला की ५२ आठवड्यांत पूर्ण होतो. शनिवार राहिलेले भरून काढायला, रविवार उपासनेला. जुना करार दुसऱ्या वर्षी, आणि तोही आधी फक्त कथेचा कणा घ्यावा: उत्पत्ती, निर्गम, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे यांची दोन-दोन पुस्तके, एज्रा, नहेम्या. हे २९६ अध्याय होतात. रोज दोन वाचले तर पाच महिन्यांच्या आत संपतात. मग संदेष्टे कोणत्या राजाच्या काळात ओरडत होते ते समजते. लेवीय वगळायचे नाही, पण आधी १६ वा (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि १९ वा अध्याय वाचावा, सोबत इब्री ९ आणि १० उघडे ठेवावे, मग बाकीचे घ्यावे.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. दुप्पटीचे तिप्पट होते आणि आठवड्यात सगळे सुटते. जिथे थांबलात तिथे तारीख टाका आणि तिथूनच पुढे जा.

प्रकटीकरणापासून सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगणे: आधी निर्गम, यहेज्केल आणि दानीएल वाचून या. तिथली चित्रे तुमच्या ओळखीची नसतील तर पशू आणि शिंगांचा मेळ तुम्ही आजच्या बातम्यांशी घालत बसाल.

आपल्या बागेतून योहान १५ वाचणे

नाशिककरांची ही खास चूक आहे, आणि ती आपुलकीतून होते म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर.

‘मी खरा द्राक्षवेल आहे’ हा येशूच्या बोलण्याचा भाग दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बाजूच्या अभ्यासगटात निघाला की सगळे सरसावतात, कारण विषय घरचा असतो. अशाच एका गटात दुसऱ्या वचनातला फाट्यांच्या साफसफाईचा उल्लेख आला आणि चर्चा एप्रिलच्या खरड छाटणीवर गेली. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी. किती डोळ्यांवर कापायचे, काडी पिकली नसली तर काय होते, छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग कसा पसरतो. शेवटी निष्कर्ष असा निघाला की देव विश्वासणाऱ्याला वर्षातून दोनदा दुःखातून नेतो: एकदा काडी तयार करायला, एकदा घड काढायला. तासभर उत्तम चर्चा झाली. पण त्या तासात तिसरे वचन कुणी वाचलेच नाही.

दोन छाटण्या आपल्या हवामानामुळे आहेत. इथे वेल हिवाळ्यात पुरता झोपत नाही, म्हणून आपण त्याला वर्षात दोनदा छाटून पीक एकदा घेतो आणि जानेवारी ते एप्रिल काढणी करतो. येशूच्या देशात हिवाळ्यात पाने गळतात, मुख्य छाटणी तेव्हाच होते, उन्हाळ्यात जादा फुटवे काढतात आणि द्राक्षे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तयार होतात. तारांचा मांडव नाही, ठिबक नाही. डोंगरउतारावर दगड वेचून केलेली जमीन, मळ्याला कुंपण, राखणीचा बुरूज आणि खडकात खोदलेले द्राक्षकुंड. यशया ५:१-७ मध्ये असा मळा दिला आहे.

त्याच यशयाने पुढे सांगून टाकले आहे की हा मळा म्हणजे इस्राएलाचे घराणे. देवाने न्यायाची वाट पाहिली आणि रक्तपात पाहिला, नीतिमत्तेची वाट पाहिली आणि आक्रोश ऐकला. इब्री भाषेत ही शब्दांची जोडी आहे, मिश्पाट आणि मिस्पाख, सेदाका आणि सेआका. चांगल्या जातीचा वेल लावला आणि आंबट रानद्राक्षे आली, हे त्या एकेका अक्षराच्या फरकातून ऐकू येते. स्तोत्र ८० मध्ये मिसरातून आणून लावलेला वेल हाच आहे. मार्क १२ मध्ये मळा खंडाने घेतलेले माळी मालकाच्या मुलाला मारतात, तोही हाच मळा. ही तीन ठिकाणे वाचून योहान १५ ला आलात तर पहिल्याच वचनातला ‘खरा’ हा शब्द थांबवतो. जे फळ इस्राएलाने दिले नाही ते देणारा वेल मी आहे, असे येशू सांगतो आहे.

आता तिसरे वचन. मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात, असे येशू म्हणतो. ग्रीकमध्ये फाटा साफ करण्याचे क्रियापद आणि इथला ‘शुद्ध’ एकाच मुळाचे आहेत, काथायरेइ आणि काथारोई. म्हणजे इथे साफ करणारी गोष्ट त्याचे वचन आहे. दुःखाचा अर्थ बाहेरून आणायची गरज नाही, उत्तर पुढच्याच ओळीत आहे. त्याखाली ४ ते १० या सात वचनांत ‘राहणे’ हे क्रियापद ग्रीकमध्ये दहा वेळा येते. मोजून बघा. नऊपासून सतरापर्यंत विषय एकमेकांवरच्या प्रीतीचा आहे, त्यामुळे फळ कशाला म्हटले आहे तेही तिथेच उलगडते.

बागेचे ज्ञान वाया जात नाही. कापलेला फाटा किती लवकर वाळतो हे ज्याने पाहिले आहे त्याला सहावे वचन समजावावे लागत नाही. फक्त क्रम पाळा: आधी पूर्ण उतारा दोनदा मोठ्याने, मग पुन्हापुन्हा येणारे शब्द, मग जुन्या करारातले धागे, आणि सगळ्यात शेवटी आपली बाग.

मराठी शब्दांचे सापळे

पतसंस्थेत ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू, शास्त्रात ‘तारण’ म्हणजे सुटका. ‘अनुवाद’ हे पुस्तकाचे नाव आहे, त्याचा भाषांतराशी संबंध नाही. नियमशास्त्र पुन्हा सांगितले म्हणून ते नाव. ‘शास्ते’ कोर्टात बसत नव्हते, ते बहुतेक लढाईचे पुढारी होते. सगळ्यात जास्त घोटाळा ‘देह’ या शब्दाने होतो. प्रेषित पौल आपल्या पत्रांत देहाच्या कर्मांविरुद्ध बोलतो म्हणून शरीरच वाईट, असा अर्थ आपल्या कानावर पडलेल्या भक्तिसाहित्यातून अलगद आत येतो. गलतीकरांस ५:१९-२१ ची यादी वाचा: वैर, कलह, मत्सर, राग, तट. यांतल्या कितीतरी गोष्टी मनाच्या आहेत. जुन्या करारात ‘परमेश्वर’ आणि ‘देव’ यांत फरक आहे, पहिला शब्द देवाच्या इब्री नावाच्या जागी येतो. उत्पत्ती १ मध्ये ‘देव’ आणि २:४ पासून ‘परमेश्वर देव’ का, हे एकदा तपासाच.

अडलेले वचन किमान दोन मराठी भाषांतरांत बघा, एक जुन्या वळणाचे, एक सोपे. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत आणले, १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडेच आधी ते काम पुरे केले. एका शब्दासाठी माणसे किती झिजली हे आठवले तर दोन पाने उलटणे जड जाऊ नये.

काही चुका थोडक्यात

नीतिसूत्रांना हमीपत्र समजू नका. २६:४ सांगते मूर्खाला उत्तर देऊ नको, २६:५ सांगते दे. कोणत्या वेळी कोणते, हे ओळखणे हेच शहाणपण.

गिदोनाने लोकरीवर दव पडते का पाहून देवाकडे खूण मागितली, ती नोकरी निवडायची पद्धत नाही. शास्ते ६:१४ मध्ये देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते.

डोळे मिटून बोट ठेवायचे आणि निघेल ते पान आजचा संदेश मानायचे, हे बंद करा.

अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आहेत, नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ चे. १ करिंथकरांस ११:१ खरे तर दहाव्या अध्यायाचा शेवट आहे. आकड्यावर थांबू नका, मुद्दा संपेल तिथे थांबा.

टीकाग्रंथ (शास्त्राचा अर्थ उलगडून सांगणारे पुस्तक) किंवा यूट्यूबवरचा संदेश आधी उघडाल तर उताऱ्यात तुम्हाला तेवढेच दिसेल. आधी स्वतःची पानभर टिपणे, मग दुसऱ्याचे.

एकच पद्धत सगळीकडे

काहीजण रोज चार वचने घेऊन डोळे मिटतात आणि वीस वर्षांत एकही पुस्तक सलग वाचत नाहीत. काहीजण वह्या भरतात आणि प्रार्थना विसरतात. तीन वाचने वेगळी ठेवा. सलग वाचन: मार्कचे १६ अध्याय एका बैठकीत मोठ्याने, साधारण दीड तास, टिपणे न घेता. अभ्यास: १०-१५ वचने, ४५ मिनिटे, काय लिहिले आहे, त्याचा तेव्हा काय अर्थ होता, आज मी काय करायचे, याच क्रमाने. तिसऱ्या प्रश्नावर आधी उडी मारणाऱ्यांचा अभ्यास नेहमी पोकळ निघतो. आणि मनन: चार-सहा वचने, वीस मिनिटे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने सांगितलेल्या चार पायऱ्या कॅथलिक घरांत अजून वापरतात, इतरांनीही वापराव्यात: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसते शांत बसणे. मननाला तोच उतारा घ्या जो आधी अभ्यासून झाला आहे, म्हणजे मनन भरकटत नाही.

गट सहा ते आठ जणांचा पुरे. उतारा सर्वांनी वाटून मोठ्याने वाचावा, आणि कॉटेज मीटिंगला (घरातल्या प्रार्थनासभेला) पाळकसाहेब आले असतील तर त्यांनी शेवटी बोलावे, नाहीतर बाकीचे वह्या मिटून घेतात. कुणी काही सांगितले की विचारायचे, ‘कोणत्या वचनात?’ वचन दाखवता आले नाही तर मुद्दा बाजूला ठेवायचा, कितीही सुंदर असला तरी.

आणि पान पातळ असते, म्हणून जेल पेन किंवा ओला हायलायटर वापरू नका, शाई मागच्या वचनांवर उतरते. कोरडी रंगीत पेन्सिल घ्या, जरा बोथट केलेली.