जुनी गाडी ओढत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

‘पिकअप गेला’ एवढ्यावर गॅरेजात काम सुरू होतं. आधी प्लग, मग एअर फिल्टर, मग पेट्रोल पंप. बिल वाढतं, गाडी तशीच. म्हणून गाडी घरची असो की सेकंड-हँड घ्यायची, पहिला प्रश्न पार्टचा नाही, वेळेचा: दम नेमका कधी निघत नाही? निघताना, चढावर, ३००० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) पुढे, की इंजिन तापल्यावर?

दोष इंजिनचाच, असं धरून चालणं

क्लच घसरत असेल तरी गाडी मरगळलेलीच वाटते. तिसऱ्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट गेली. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर हे महिनोनमहिने झाकून राहतं. रामटेकच्या गडाचा चढ लागला की उघडं पडतं.

दुसरा छुपा चोर म्हणजे अडकलेला ब्रेक. फारसा ब्रेक न दाबता ८-१० किलोमीटर चालवा, मग जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. एकच रिम इतरांपेक्षा खूप तापला असेल तर कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन किंवा पिस्टन अडकलाय. डिस्क भाजते, थेट हात लावू नका.

मे महिन्यातल्या गाडीची डिसेंबरशी तुलना

१५ अंशांच्या मानाने ४५ अंशांत हवा जवळपास १० टक्के विरळ होते. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनला तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो, वर एसीचा कॉम्प्रेसर. १००० सीसीच्या गाडीला हे चांगलंच जाणवतं आणि तो बिघाड नव्हे. सकाळी ६ वाजता, एसी बंद करून, त्याच रस्त्यावर चालवून पाहा. तेव्हाही रडत असेल तर पुढे जा.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोललाही सरसकट दोष देऊ नका. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे ६-७ टक्के घट. मायलेज उतरेल, पिकअप अर्ध्यावर येणार नाही.

स्कॅनरने ‘नो कोड’ दाखवलं की निर्धास्त होणं

स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचतो. पण गाडी विकण्याआधी ते पुसणं एका मिनिटाचं काम आहे. त्यामुळे स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. बरेचसे ‘इनकम्प्लीट’ असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आणि कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ (लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलणारे बरेच. तो बिचारा फक्त तक्रार करत असतो.

लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते बघा. शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (कायमचा) ट्रिम मिळून १० टक्क्यांच्या आत ठीक. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) +२० आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय: इनटेकचा रबरी पाइप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी. उलट, आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम चढत गेला तर इंधन कमी पडतंय, म्हणजे फिल्टर किंवा पंप. नाहीतर मॅफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर मळलाय. पण हवा गळण्याचं हे गणित मॅफ सेन्सरवाल्या गाड्यांचं. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅप (इनटेकमधला दाब मोजणारा) सेन्सर असतो. तिथे हवा गळली तर ट्रिमपेक्षा आयडलचा आरपीएमच चढतो.

कॅटकॉन तपासायचा राहून जाणं

कॅटकॉन म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा. गाडी हळू चालवताना बरी, ३००० च्या पुढे घुसमटते? इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून आयडलला साधारण १६ ते २० इंच (पाऱ्याचे) अपेक्षित. मुंबईत १ इंच जास्त मिळेल. २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा सावकाश खाली सरकत गेला तर एक्झॉस्ट तुंबलाय. खात्रीसाठी पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज बसवा. २५०० ला दाब ३ पीएसआयच्या वर गेला तर कॅटकॉन गेला. तो सहसा आपोआप वितळत नाही. मिसिंग करणाऱ्या (ठिणगी चुकणाऱ्या) सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल त्याला भाजून काढतं. प्लगला ठिणगीची वीज देणारी खराब कॉइल तशीच ठेवून नवा कॅटकॉन टाकला, तर तोही जाईल.

सीएनजी किट असेल तर सगळ्या चाचण्या आधी पेट्रोलवर करा. गॅसवर थोडी ताकद कमीच मिळते. शिवाय गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे कमजोर कॉइल आधी सीएनजीवरच चुकते.

डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच सुस्स आवाज आणि काळा धूर असेल तर टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप आणि क्लॅम्प तपासा. बीएस ६ डिझेल फक्त शहरात फिरली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरलेला असू शकतो.

कॉम्प्रेशन टेस्ट उरकून टाकणं

ही टेस्ट प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजते. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकच प्लग काढून घेतलेला आकडा खोटा. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांवर गेला तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर गॅस्केटवरच संशय घ्या आणि गाडी विकत घेत असाल तर सौदा तिथेच थांबवा.