कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज: आरव्ही दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड पूर्ण करून आणि घरगुती फ्रिज-एसीची कामे करून जे मराठी तरुण अमेरिकेत आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, दुरुस्तीच्या व्यवसायात येऊ पाहतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी याच वाटेने आलो असून सध्या ॲरिझोनात काम करतो. आपल्याकडे फ्रिज थंड होईनासा झाला की ग्राहक आणि मेकॅनिक दोघांच्याही तोंडी पहिले वाक्य ‘गॅस गेला असेल’ हेच येते, आणि गेज लावून, गळती शोधून, व्हॅक्यूम करून गॅस भरण्याचा क्रम हातात बसलेला असतो. आरव्हीतल्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजला, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या फ्रिजला, मात्र गेज लावायला जागाच नसते. इथे कूलिंग युनिटवर, म्हणजे मागच्या बंद नळ्यांच्या संचावर, संशय सर्वात शेवटी घ्यायचा असतो.

हे यंत्र 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी तयार केले आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणले. वेल्डिंगने कायमच्या बंद केलेल्या पोलादी नळ्यांत अमोनिया, पाणी, हायड्रोजन आणि आतून गंज चढू नये म्हणून थोडे सोडियम क्रोमेट असते. बॉयलरला सिलिंडरमधल्या गॅसची ज्योत किंवा विजेचे एलिमेंट उष्णता देते, तेव्हा द्रावणातून अमोनियाचे बुडबुडे सुटतात आणि अरुंद नळीतून द्रव वर ढकलतात. पुढे पाणी वेगळे होऊन परतते, अमोनियाची वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये द्रवरूप होते आणि उताराने इव्हॅपोरेटरमध्ये येते. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाचा आंशिक दाब एकदम उतरतो आणि तो कमी तापमानाला उकळून आतली उष्णता शोषून घेतो, मग खाली ॲब्सॉर्बरमध्ये पाणी त्याला पुन्हा सामावून घेते. या सगळ्या फेऱ्यात पंप नाही आणि व्हॉल्व्हही नाही, फक्त उष्णता आणि उतार यांवर काम चालते. म्हणून बॉयलरला पुरेशी उष्णता मिळते का, फ्रिज सपाटीत आहे का आणि मागची उष्णता बाहेर पडते का, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय दुसरे काही उघडू नये.

सपाटीपासून सुरुवात करावी, कारण तिला खर्च नाही. जुन्या मॉडेलांच्या पुस्तिकांत साधारणपणे आडव्या दिशेने 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश इतकाच कल चालतो असे दिलेले असते. लेव्हल गाडीच्या फरशीवर न ठेवता फ्रीजरच्या तळावर ठेवावी. गाडी धावत असताना हेलकाव्यांमुळे द्रव एका जागी अडत नाही, पण उतारावर तासन्‌तास उभ्या केलेल्या गाडीत तो अडून राहतो, बॉयलर कोरडा पडून तापतो आणि क्रोमेटचे खडे होऊन नळी तुंबते. हे नुकसान भरून येत नाही. ‘गाडी गेले काही दिवस कुठे उभी होती?’ हा प्रश्न मी मालकाला सर्वात आधी विचारतो.

सर्वाधिक तक्रारींचे मूळ मात्र मला मागच्या हवेत सापडते. हिवाळ्यात हजारो आरव्ही ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात मुक्कामाला येतात, तिथली एक तक्रार या दृष्टीने बोलकी आहे. फ्रिज रात्री उत्तम चाले आणि दुपार चढली की दूध नासे. ज्योत निळी होती, बॉयलर व्यवस्थित तापत होता, गाडी सपाटीत होती. बाहेरची खालची जाळी काढून टॉर्च मारला, तेव्हा कंडेन्सरच्या पत्र्या आणि मागची भिंत यांच्यात चांगली हातभर पोकळी दिसली. वर चढणारी हवा पत्र्यांमधून न जाता या मोकळ्या वाटेने निघून जात होती. ही फट साधारण एक इंचाच्या आत असावी लागते. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून पोकळी बुजवली, वरच्या टोकाला हवा छताच्या झडपेकडे वळेल असा तिरका पत्रा दिला आणि 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवले, त्यानंतर दुपारीही तापमान 40 अंश फॅरनहाइटच्या खाली राहिले. ते मोजताना थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवावा, कारण दार उघडताच आतल्या हवेचे तापमान बदलते. गाडीच्या बाजूला बाहेर सरकणाऱ्या भागात (स्लाइड-आउटमध्ये) बसवलेल्या फ्रिजला छतावरची झडप नसते आणि गरम हवेला वळण घेऊन बाजूने बाहेर पडावे लागते, म्हणून तिथे पंख्यांशिवाय भागत नाही असे माझे मत आहे. छतावर चढून झडपेत पक्ष्याचे घरटे नाही ना, हेही पाहावे.

बर्नरकडे वळण्यापूर्वी सिलिंडर बंद करावा. धुराड्यातून गंजाचे पापुद्रे बर्नरवर पडतात, कोळी जाळी विणतात, कुंभारीण मातीचे घर करते, आणि मग ज्योत पिवळी व मंद होऊन काजळी धरते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटच्या छिद्रात तार किंवा सुई कधीही घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी ज्योत बिघडते. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून वाळवावा. धुराड्यातली पिळाची पट्टी साफ करून त्याच उंचीवर परत टांगावी. गॅसचा दाब उपकरणे चालू असताना पाण्याच्या 11 इंच स्तंभाइतका भरावा, आणि शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. सुमारे 5,500 फुटांवरील उंचीवर ज्योत दगा देऊ शकते, तिथे वीज असल्यास फ्रिज विजेवर चालवावा.

विजेची बाजू त्या मानाने सोपी आहे. 120 व्होल्टच्या 325 वॉट एलिमेंटचा रोध सुमारे 44 ओहम यायला हवा. फ्रिज विजेवर चालतो आणि गॅसवर चालत नाही तर दोष बर्नरकडे, उलट असेल तर एलिमेंटकडे शोधावा. फ्रिज गॅसवर असतानाही कंट्रोल बोर्डाला 12 व्होल्ट लागतात, हे बॅटरी उतरलेल्या गाडीत विसरू नये. निर्णायक चाचणी म्हणजे बोर्ड वगळून एलिमेंटला थेट वीज देणे आणि देखरेखीखाली बारा तास थांबणे. फ्रिज गार झाला तर युनिट शाबूत असून दोष बोर्डात किंवा तापमान ओळखणाऱ्या थर्मिस्टरमध्ये आहे.

इतके करूनही गारवा आला नाही, किंवा अमोनियाचा वास आला, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर मात्र युनिट गेले असे समजावे. फ्रिज ताबडतोब बंद करावा, कारण आतला हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, आणि हातमोज्यांशिवाय ती भुकटी हाताळू नये, कारण तिच्यातले क्रोमेट विषारी व कर्करोगकारक असते. नवे युनिट बसवायचे की 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यायचा, हे मालकाच्या बॅटऱ्या आणि सोलर पाहून सांगावे. वीज नसलेल्या जागी दिवसचे दिवस राहणाऱ्यांना मी अजूनही ॲब्सॉर्प्शनच सुचवतो.

शिक्षणासाठी टेक्ससमधील अथेन्स येथील नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी आणि आरव्ही उद्योगाचे माहेरघर असलेल्या इंडियानातील एल्कहार्ट येथील आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट या दोन संस्थांची माहिती अवश्य घ्यावी. इकडे येण्यापूर्वी मुंबई-पुण्यात असतानाच हात बसवायचा असेल, तर हॉटेलांच्या खोल्यांतले बिनआवाजी मिनीबार पाहावेत. त्यांतले अनेक याच तत्त्वावर चालतात, आणि देखभाल विभागातल्या ओळखीने एखादा निकामी मिनीबार मिळवून मागची नळ्यांची रचना बॉयलरपासून ॲब्सॉर्बरपर्यंत बोटाने माग काढत समजून घेता येते.