दुरुस्ती करूनही इंजिन ऑईल गळतंय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझी पिकअप सलग अडीच महिने ऑईल टाकत होती. आठवड्यातून तीन फेऱ्या असायच्या. बेळगावहून भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि पहाटे म्हापसा गाठायचं. गाडी लावून अर्धा तास झाला की खाली तळहाताएवढा काळा डाग. आधी चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचं, पॅकिंग बदललं, डाग तसाच. मग गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं ऑईल सील बदललं. मजुरी, सील आणि त्याच वेळी बदललेली क्लचप्लेट धरून ९,५०० रुपये गेले. चौथ्या दिवशी परत डाग. मेस्त्रींना फोन केला, "मामा, अजून गळूलालंय की ओ." त्यांचाही आवाज पडला. "सील तर नवीन घातलंय, आता काय राहिलं?"

दोन्ही वेळा आम्ही पार्ट बदलला होता. ऑईल नेमकं कुठून निघतंय हे मात्र मी बघितलं नव्हतं आणि त्यांनीही नाही. त्या अडीच महिन्यांत जे शिकलो ते इथे लिहितोय. खानापूर, चंदगड, निपाणीकडून रोज गाडी काढणाऱ्या कुणाचे तरी पैसे यातून वाचावेत.

थेंब पडतो तिथेच गळती आहे, असं धरू नका

ऑईल वरून खाली येतं आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब बहुतेक वेळा इंजिनच्या सगळ्यात खालच्या, मागच्या टोकाला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या भागातून (बेल हाउसिंग) पडतो. तो बघितला की कुणीही "क्रँक सील गेलं" म्हणणार. पण टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून, ऑईल प्रेशर स्विचमधून किंवा फिल्टरच्या बैठकीतून निघालेलं ऑईलही त्याच वाटेने त्याच जागी येतं. गिअरबॉक्स उतरवणं हे सगळ्यात महागडं काम, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

आधी इंजिन धुवा. इंजिन थंड असताना डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत स्वच्छ करा. अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट आणि हवेचं तोंड प्लॅस्टिकने झाका. खाली पत्रा किंवा प्लॅस्टिकची प्लेट असेल तर ती काढा, कारण तिच्यात साचलेलं ऑईल भलत्याच ठिकाणी टपकतं. सगळं नीट वाळलं की संशयाच्या जागांवर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन खालून नाही, वरून बघायला सुरुवात करा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटलेली दिसते. त्या रेघेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक जिथे असेल तिथे बोट ठेवा. दुरुस्ती तिथली करायची. गळती फारच बारीक असेल तर ऑईलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि निळा टॉर्च मिळतो, त्यानेही सापडते.

गळतंय ते इंजिन ऑईलच आहे ना, हेही बघून घ्या. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. गिअर ऑईल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं ऑईल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असतं.

दुसऱ्या दिवशीच्या थेंबावर निकाल देऊ नका

दुरुस्ती करताना सांडलेलं ऑईल खाचांत, चॅसीच्या आडव्या पट्टीवर, बेल हाउसिंगच्या आत राहतं आणि पुढचे काही दिवस गरम होऊन टपकत राहतं. काम झाल्यावर इंजिन धुतलं नसेल तर नवी गळती आणि जुना मळ यांतला फरक कळणार नाही. मेस्त्रींशी भांडायच्या आधी एकदा धुऊन बघा.

ब्रीदर बघितल्याशिवाय सील बदलू नका

माझ्या गाडीचा दोष इथे होता. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस कायम खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, येतो. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते, टॅपेट कव्हरपासून हवेच्या पाइपापर्यंत. ही नळी तुंबली किंवा दुमडली की आत दाब वाढतो आणि ऑईल सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर ढकललं जातं. तुम्ही एक सील नवीन घाला, ऑईल दुसऱ्या जागेतून निघतं.

गळती सुरू होण्याआधीच्या कुठल्याशा कामात हवेचा पाइप काढून परत बसवताना ती नळी क्लॅम्पखाली चेपली होती. वरून बघितलं तर जागच्या जागी वाटायची. मला खूण दाखवली ती डिपस्टिकने, म्हणजे ऑईलची पातळी बघायच्या पट्टीने. दर फेरीनंतर ऑईल बघायला बॉनेट उघडलं की डिपस्टिकचं रबर नळीतून अर्धं बोट वर आलेलं असायचं. मी ते रोज अंगठ्याने खाली दाबायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. एके रात्री कणकुंबीला चहाला थांबलो होतो, तेव्हा ते परत वर आलेलं बघून पहिल्यांदा विचार केला की हे वर ढकलतंय कोण? तिथेच टॉर्चच्या उजेडात टॅपेट कव्हरच्या मागे हात घातला. बोटं ओली झाली. तिथून ओघळ थेट बेल हाउसिंगवर उतरला होता. दुसऱ्या दिवशी नळी काढली तर चेपलेल्या जागी आत काळा चिकट गाळ साचून पेन्सिल जाईल एवढीही वाट उरली नव्हती. नवी नळी आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग, एवढ्यावर काम संपलं. जुनं क्रँक सील बहुधा चांगलंच होतं.

घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. इंजिन गरम आणि आयडलवर असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून उलटं त्याच तोंडावर ठेवा. अंगावर शिंतोडे येऊ शकतात, हाताशी फडकं असू द्या. झाकण हलकं थरथरलं तर काळजी नाही. ते उडायला लागलं किंवा धूर ठोके देत बाहेर आला, तर आधी ब्रीदर बघा. ब्रीदर मोकळा असूनही तसंच होत असेल तर रिंगा झिजल्याचा संशय धरून कॉम्प्रेशन तपासून घ्या. तशा इंजिनात नवं सीलही फार दिवस टिकत नाही.

ऑईल जास्त भरल्यानेही असा त्रास होतो. क्रँक ऑईलमध्ये बुडून फेस करतो आणि दाब वाढतो. गाडी सपाट जागेवर लावा, बंद करून काही मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. ऑईल वरच्या खुणेच्या वर नसावं.

सिलिकॉन भरपूर आणि बोल्ट घट्ट, या दोन सवयी सोडा

पॅकिंग बदलूनही गळतं त्याचं एक मोठं कारण हे आहे. जुनं पॅकिंग हॅक्सॉच्या पात्याने खरवडलं की ॲल्युमिनियमच्या फेसवर (पॅकिंग बसतं त्या सपाट कडेवर) ओरखडे पडतात आणि नवी गळती त्या ओरखड्यांतूनच सुरू होते. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, थिनरने पुसा, फेस पूर्ण कोरडा करा. सिलिकॉन लावायचंच असेल तर २ ते ३ मिलिमीटरची सलग रेघ पुरते. जास्तीचं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही जातं. त्याचे तुकडे सुटून ऑईल पंपाच्या जाळीवर बसले तर इंजिनला ऑईलच कमी पडेल. रबरी पॅकिंगवर सगळीकडे सिलिकॉन फासू नका. त्याने रबर जागेवरून सरकतं. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांतच एकेक थेंब द्या. आणि पूर्ण वाळायला साधारण २४ तास लागतात. "संध्याकाळी न्या" म्हणाले तरी गाडी रात्रभर तिथेच राहू द्या.

पत्र्याचं चेंबर किंवा कव्हर जास्त आवळलं की बोल्टच्या भोकांभोवती पत्रा खाली दबतो आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. कव्हर काढलंय तेव्हाच ते जाड काचेवर पालथं ठेवून बघा, डुलतंय का ते लगेच कळतं. दबलेली भोकं लाकडी ठोकळ्यावर हळू ठोकून सरळ होतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला सहसा १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. मधून सुरू करून आलटूनपालटून, दोन फेऱ्यांत आवळा. ॲल्युमिनियमचं चेंबर दगड लागून चिरलं असेल तर पॅकिंगचा काही उपयोग नाही. ते काढून आर्गन वेल्डिंग आणि मग मशीनवर फेस सपाट करून घ्या. बेळगावात फाउंड्री आणि मशीनशॉप मुबलक आहेत, उद्यमबागेत अशी कामं करणारे सापडतात.

छोट्या, पण नेहमीच्या चुका

नवा फिल्टर बसवताना जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आहे का बघा. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर ऑईल धारेने बाहेर येतं. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा घाला. सील बदलताना शाफ्टवर नख फिरवा. नखाला खाच लागली तर नवं सीलही तिथेच गळणार, तेव्हा शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळकांडं) बसवा नाहीतर सील किंचित आत-बाहेर करून त्याचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कोऱ्या जागी आणा. सीलच्या ओठाला ऑईल लावून बसवतात, पण काही नव्या इंजिनांचं मागचं सील कोरडंच बसवायचं असतं. खोक्यावरची सूचना वाचा.

गळती थांबावी म्हणून १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑईलच्या जागी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० घालू नका. गळती फार तर थोडी मंदावेल, पण थंड इंजिन सुरू करताना जाड ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि टर्बोला ते सोसत नाही. गळती बंद करणारं बाटलीतलं औषध रबर मऊ करतं, तात्पुरतं. चेपलेली नळी आणि ओरखडलेला फेस त्याने दुरुस्त होत नाही.

कधी गाडी पुढे न्यायची नाही

ऑईलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा, मग घाटातला उतार असो की हायवे. सायलेन्सरच्या गरम पाइपावर ऑईल पडून धूर येत असेल तर आगीचा धोका आहे. मोटरसायकलचं ऑईल मागच्या टायरपर्यंत येत असेल तर ती चालवूच नका.

गळती सापडेपर्यंत डिपस्टिक रोज बघा आणि किती ऑईल घातलं ते वहीत लिहा. काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून जुनं ऑईल विकत घेणाऱ्याला द्या. चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या ज्या कणकुंबीला आपण चहा घेतो तिथेच मलप्रभा उगम पावते, ते ऑईल गटारात ओतलं तर शेवटी पाण्यातच जाणार.

गॅरेजमध्ये गाडी देताना "पॅकिंग बदला" असं सांगू नका. "कुठून गळतंय ते आधी मला दाखवा" म्हणा. काढलेला पार्ट मागून घ्या, पार्टनिहाय बिल घ्या, बिल कन्नडमध्ये असलं तर शेजारी मराठीत लिहून ठेवा. माझ्या मेस्त्रींना मी ती चेपलेली नळी नेऊन दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात फिरवून बघितली आणि गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली. आता गळतीची गाडी आली की ते गाडीखाली जायच्या आधी बॉनेट उघडतात.