ऑर्कस बेटावर सायकल: फेरीबोटीतल्या गाड्या आधी जाऊ द्या

सिएटलकडची मंडळी उन्हाळ्यात सायकली घेऊन सॅन व्हान बेटांवर जातात, त्यांच्यासाठी. अ‍ॅनाकॉर्टिस बंदराहून फेरीबोट त्यातल्या ऑर्कस बेटाला लागली, की सायकलवाल्यांना बहुधा आधी उतरवतात. लगेच पॅडल मारायचा मोह आवरा. धक्क्यापासूनच चढ सुरू होतो, रस्ता अरुंद, कडेला जागा जेमतेम. आणि फेरीतून सुटलेल्या गाड्यांची अख्खी रांग तुम्हाला नेमकी त्याच चढावर गाठते. त्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं धक्क्यावरच काढा, टायरची हवा बघा, कॉफी घ्या. शेवटचा ट्रक गेला, की ईस्टसाउंड गावापर्यंतचे तेरा-चौदा किलोमीटर बरेच निवांत जातात. निदान पुढची फेरी येईपर्यंत तरी.

बेटावरचा माउंट कॉन्स्टिट्यूशन डोंगर चढणार असाल, तर मागच्या गिअरची सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची हवीच. माथा ७३४ मीटरवर आहे आणि सुरुवात जवळपास समुद्रसपाटीपासून.

खरी काळजी घ्यायची ती उतारावर. हा डोंगर ज्या मोरान उद्यानात आहे, तिथली झाडी इतकी दाट, की उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही. काळा गॉगल नको, फिक्या काचेचा घाला. सावलीतल्या वळणांवर ओल टिकते आणि वर डग्लस फर झाडांची सुयांसारखी पानं पडलेली असतात. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावून घ्या; कललेल्या सायकलवर नको. मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेवा, कारण सावलीत तुम्हीही ड्रायव्हरला दिसत नसता.