जागतिक संस्था सुधारायची आयडिया मांडताय? आधी कुलूप कुठे आहे ते बघा

विद्यार्थ्यांची प्रपोजल्स मी बरीच वर्षं वाचतेय, संयुक्त राष्ट्रसंघ कसा सुधारावा, देशांमधलं सहकार्य कसं वाढवावं असे विषय असतात, आणि बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते की व्हेटो, म्हणजे सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी कोणीही एकट्याने ठराव अडवायचा हक्क, रद्द झाला पाहिजे. राग रास्तच आहे, तळमळही वाचताना जाणवते, पण पुढच्या पानावर हे कोणी करायचं, कुठल्या बैठकीत, कुठल्या नियमाने, याचं उत्तर सापडत नाही आणि चांगली चांगली पोरं तिथेच अडकतात. म्हणून माझी पद्धत सांगते.

आधी संयुक्त राष्ट्रसंघाची सनद, म्हणजे त्याची घटना, उघडा. खरंच उघडा, एकूण 111 कलमं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. त्यातलं 108 वं कलम दोनदा वाचा. सनद बदलायची तर आमसभेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, दोन तृतीयांश मतं, म्हणजे 193 पैकी 129 देश, मग तितक्याच देशांनी घरी जाऊन रीतसर मंजुरी द्यायची, आणि त्यांच्यात पाचही कायम सदस्य (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) असलेच पाहिजेत. म्हणजे व्हेटो काढायला व्हेटोवाल्यांचीच सही लागते.

हे कळलं की काही जण हिरमुसतात, त्यांना मी 1963 सालची गोष्ट सांगते. तेव्हा सुरक्षा परिषदेत 11 जागा होत्या, आशिया-आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश भराभर सदस्य झाले होते आणि त्यांना जागा हव्या होत्या. परिषद 15 ची करायचा ठराव आमसभेत आला तेव्हा फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनने विरोधात मत दिलं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरी ठराव पास झाला, आणि 1965 पर्यंत याच सगळ्यांनी मंजुरीसुद्धा दिली, कारण इतक्या देशांना कायमचं नाराज ठेवणं महागात पडलं असतं. तेव्हापासून परिषदेची रचना परत बदललेली नाही, त्यामुळे हा रस्ता लांबचा आहे, पण तो बंद आहे असं लिहू नका.

आता दुसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. सनदेला हात न लावता काय करता येईल ते शोधा. लिकटेनश्टाइन नावाचा साधारण 40 हजार लोकवस्तीचा देश, त्याच्या पुढाकाराने एप्रिल 2022 मध्ये आमसभेत एक ठराव झाला, की सुरक्षा परिषदेत कोणी व्हेटो वापरला की 10 कामकाजाच्या दिवसांत आमसभेची बैठक आपोआप भरणार आणि त्या व्हेटोवर सगळ्यांसमोर चर्चा होणार. व्हेटो होता तिथेच राहिला, पण वापरणाऱ्याला आता जगासमोर कारण सांगायची वेळ येते. मतदान न घेताच मंजूर झाला हा ठराव. अशी दारं बरीच आहेत, ती शोधायला आमसभेचे कामकाजाचे नियम आणि जुने ठराव चाळावे लागतात, कंटाळवाणं काम आहे पण आयडिया तिथेच सापडते.

विद्यार्थ्यांचं कोण ऐकतं असं म्हणाल तर पॅसिफिकमधल्या पोरांचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. आता न्यायालयात विद्यार्थी जाऊ शकत नाहीत, पण 96 व्या कलमाप्रमाणे आमसभा सल्लागार मत मागू शकते आणि आमसभेत व्हेटो नसतो. त्यांनी तेवढीच एक मागणी धरली, आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली, व्हानुआतू या बेटांच्या देशाने ती उचलली, 29 मार्च 2023 ला आमसभेने एकमताने ठराव केला आणि 23 जुलै 2025 ला न्यायालयाने, तेही एकमताने, सांगितलं की हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर जबाबदारी येते. सल्लागार मत बंधनकारक नसतं हे खरं, पण त्याच्या सहा वर्षं आधी हे एका वर्गातलं बोलणं होतं हो! मला आजही हे वाचताना भरून येतं.

तिसरं म्हणजे वाक्य. मागे एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांची निवड लोकशाही पद्धतीने व्हावी." आम्ही दोघी त्या एका ओळीवर दोन तास बसलो. निवड कोण करतं? 97 व्या कलमाप्रमाणे सुरक्षा परिषद शिफारस करते, आमसभा नेमते. मग एकच नाव का येतं? सनदेत तसं कुठेच लिहिलेलं नाही, 1946 च्या एका ठरावात आमसभेने स्वतःच म्हटलंय की परिषदेने एकच नाव पाठवणं इष्ट. मग तिने वाक्य बदललं: "आमसभेने नवा ठराव करून 1946 ची ही शिफारस मागे घ्यावी आणि परिषदेला किमान दोन नावं पाठवण्याची विनंती करावी." बघा, आता यात कोणी करायचं ते आहे, कुठे ते आहे, आणि "विनंती करावी" हे क्रियापदही बरोबर आहे कारण या बाबतीत आमसभा परिषदेला हुकूम देऊ शकत नाही. परिषद ऐकणार नाही हा आक्षेप येणारच, तो तिने स्वतःच पुढच्या परिच्छेदात लिहून टाकला आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा विश्वास बसला.

क्रियापदांवरून आठवलं, आमसभेचा ठराव म्हणजे एकच लांबलचक वाक्य असतं, आधी पार्श्वभूमीचे मुद्दे आणि मग काय करायचं ते, दोन-चार ठराव वाचलेत की हात बसतो.

नुकसान कोणाचं होणार तेही स्वच्छ लिहा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेत, मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे तिच्याशिवाय 85 होतच नाहीत, त्यामुळे "मतांची फेरवाटणी करा" म्हणताना तिने हो का म्हणावं हे सांगावंच लागतं. 2010 मध्ये ठरलेली फेरवाटणी लागू व्हायला जानेवारी 2016 उजाडला. याउलट ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा 1987 चा माँट्रियल करार बघा, विकसनशील देशांना 10 वर्षं जास्तीची मुदत दिली, नंतर खर्चासाठी वेगळा निधी उभारला, आणि आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे. तुमच्या आयडियात असं काय आहे जे नाखूश देशाला आत आणेल? मुदत, पैसा, तंत्रज्ञान, काहीतरी ठेवा.

बाकी लांबी दोन पानं पुरे. पाठवताना मोठ्या देशांच्या मागे लागू नका, ज्या छोट्या देशाला तो प्रश्न रोज जाळतोय त्याच्या न्यूयॉर्कमधल्या कायम प्रतिनिधींच्या ऑफिसला पाठवा, तिथे माणसं कमी आणि कामाचा ढीग, त्यामुळे कलमांसकट तयार मसुदा आला तर तो वाचला जाण्याची शक्यता जास्त. एक महिना वाट बघा, उत्तर नाही आलं तर त्याच मुद्द्यावर आमसभेत कुठला देश काय बोललाय ते काढा आणि त्या देशाला लिहा, पत्राची पहिली ओळ त्यांच्याच भाषणातली घ्या.