शोकांतिकेतील स्वगत कसे वाचावे: नव्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात इंग्रजी साहित्याचे एम.ए. करताना आणि पुढे उपनगरातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना नाटक शिकवताना एक गोष्ट सतत दिसत आली. स्वगतांवरचा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी ‘स्वगतातून पात्राचे मन उघड होते’ या वाक्याने सुरुवात करतात, त्यानंतर त्या स्वगताचा गोषवारा लिहितात आणि थांबतात. वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून काही हातीही लागत नाही. स्वगतात बोलणारा एकटा असला तरी बाजू किमान दोन असतात. त्यामुळे तो काय म्हणतो याच्याइतकेच तो कोणत्या ठिकाणी वळतो, कोणती गोष्ट उच्चारायचे टाळतो आणि बोलणे संपल्यावर प्रत्यक्षात काय करतो, हे पाहावे लागते. अंतर्गत संघर्ष सापडतो तो या तीन ठिकाणी.

सुरुवात शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या पहिल्या अंकातील सातव्या प्रवेशापासून करावी असे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. आत राजा डंकनसाठी मेजवानी चालू आहे आणि त्याला मारण्याचा बेत मनात असलेला मॅकबेथ बाहेर येऊन अठ्ठावीस ओळी एकटा बोलतो. पहिल्याच ओळीत तो जे करायचे आहे त्याचा उल्लेख केवळ ‘ते’ असा करतो, आणि तोही पुन्हा पुन्हा. हत्येसाठीचा शब्द दुसऱ्या ओळीत येतो, पण लगेच राजाच्या मरणासाठी तो पुन्हा एक मऊ, आडवळणाचा शब्द शोधतो. मग हत्या न करण्याची कारणे येतात: मी त्याचा नातलग आहे, त्याचा प्रजाजन आहे, आज तो माझ्या घरी पाहुणा आहे, आणि राजा म्हणून त्याचे वर्तन निष्कलंक आहे. येथवर हिशेब मांडणाऱ्या या माणसाची भाषा एकाएकी पेटते. वादळावर स्वार झालेले उघडे, नवजात अर्भक, वाऱ्याच्या घोड्यांवरून येणारे देवदूत अशी चित्रे त्याच्या तोंडून बाहेर पडतात. हेच ते वळण. परलोकाची फिकीर सोडायला तयार असलेल्या माणसाची कल्पनाशक्ती त्याच्याच बेताविरुद्ध साक्ष देऊ लागते. शेवटी हत्या करायला आपल्याजवळ महत्त्वाकांक्षेशिवाय दुसरे कारण नाही, हे तो कबूल करतो आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याची पत्नी लेडी मॅकबेथ प्रवेश करते.

आता पुढचा भाग वाचा, कारण परीक्षेच्या उत्तरांत नेमका हाच सुटतो. ‘आता यापुढे आपण जायचे नाही’ असे मॅकबेथ तिला स्पष्ट सांगतो, म्हणजे स्वगतात चांगली बाजू जिंकली आहे. पण प्रवेश संपण्यापूर्वी तो खुनाला तयार झालेला असतो, आणि त्यासाठी लेडी मॅकबेथला त्याच्या एकाही युक्तिवादाचे खंडन करावे लागत नाही. ती फक्त त्याच्या पौरुषाला डिवचते. स्वगतात ज्या गोष्टीचा उल्लेखही नव्हता तीच निर्णायक ठरते. माझ्या मते या नाटकातील संघर्षाची खोली त्या अठ्ठावीस ओळींपेक्षा त्या ओळी आणि नंतरचा संवाद यांच्यामधल्या अंतरात आहे.

शेक्सपिअरच्याच ‘हॅम्लेट’मध्ये हेच तंत्र आणखी निर्दयपणे वापरले आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हॅम्लेटच्या वडिलांना मारून राजा झालेला त्याचा काका क्लॉडियस प्रार्थना करू पाहतो. भावाचा खून केल्याचे तो मान्य करतो, पण त्या खुनातून मिळालेला मुकुट आणि राणी दोन्ही अजून आपल्याजवळ असताना क्षमा कशी मागायची, हा त्याचा प्रश्न अस्सल आहे. तो गुडघे टेकतो. मागून सूड घेऊ पाहणारा हॅम्लेट येतो, तलवार उपसतो आणि प्रार्थनेत मेलेला माणूस स्वर्गात जाईल म्हणून ती परत ठेवतो. तो गेल्यावर क्लॉडियस उठून सांगतो की आपले शब्द वर गेले, मन मात्र खालीच राहिले. प्रार्थना झालेलीच नव्हती! दोन माणसांची दोन स्वगते एकाच जागी होतात, दोघांनाही एकमेकांचे ऐकू येत नाही आणि दोन्ही ऐकणारा प्रेक्षक एकटाच राहतो. शेक्सपिअरने या खलपात्राला इतका खरा अंतर्विरोध द्यावा आणि इयागो या दुसऱ्या खलपात्राला जवळपास काहीच देऊ नये, याचे मला अजूनही नवल वाटते. ‘ऑथेल्लो’मध्ये इयागो वारंवार एकटा बोलतो, पण त्या बोलण्यात वळण नसते, कारणांची भर पडत जाते, पत्नीविषयीचा संशय खरा आहे की नाही हे ठाऊक नसताना तो खरा धरूनच चालणार, असे तो स्वतःच सांगतो. स्वगत आहे म्हणून संघर्ष असेलच असे गृहीत धरू नये, यासाठी इयागो जवळ ठेवावा.

हॅम्लेटच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगताविषयी दोनच गोष्टी सांगतो. जगावे की मरावे हा विचार तो मांडतो तेव्हा क्लॉडियस आणि त्याचा मंत्री पोलोनियस आडोशाला लपलेले आहेत आणि पोलोनियसची मुलगी, हॅम्लेटची प्रेयसी ओफेलियाही जवळपासच आहे. दुसरे म्हणजे, ओफेलिया दिसेपर्यंत त्या भाषणात ‘मी’ एकदाही येत नाही. बोलणे सगळे ‘आपण’ माणसांविषयी आहे. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस ‘आता मी एकटा आहे’ म्हणून सुरू होणारे, स्वतःला शिव्या घालणारे आणि मग त्या शिव्यांचीच लाज वाटणारे भाषण याच्या शेजारी ठेवून वाचावे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या रंगभूमीकडून सुरुवात केली तर वाट सोपी होते. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले अप्पासाहेब बेलवलकर आजही आठवले जातात. या पात्राची अडचण अशी की तो आयुष्यभर दुसऱ्यांची स्वगते म्हणत आलेला नट आहे. त्यामुळे घर हरवलेला म्हातारा बोलतो आहे की जुनी भूमिका, हे त्याचे त्यालाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही, आणि तोच त्याचा संघर्ष होतो. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ला (१९६७) शोकांतिका म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण ज्या लीला बेणारेवर त्यात खोटा खटला चालवला जातो तिचे अखेरचे दीर्घ भाषण अवश्य अभ्यासावे. तिच्याभोवती माणसे उभी आहेत आणि तरीही ती बोलते ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. त्या खोट्या न्यायालयाच्या लेखी ती गप्पच राहिलेली असते.

वाचण्याची पद्धत साधी ठेवावी. स्वगत मोठ्याने वाचावे, कारण श्वास कोठे अडतो ते डोळ्यांना कळत नाही. (हार्बर लोकलच्या गर्दीत ओठ हलवत वाचणाऱ्याकडे लोक बघतात, त्याला इलाज नाही.) ‘पण’, ‘तरी’, ‘थांब’ अशा अर्थाचे शब्द पेन्सिलीने खुणावावेत, प्रश्नचिन्हे वेगळी खुणावावीत, आणि पुढचा प्रवेश झाकून ‘आता हा काय करील’ ते समासात लिहून मग ताडून पाहावे. शक्य असेल तेव्हा मुंबईतल्या शिवाजी मंदिर, पृथ्वी किंवा एनसीपीए या नाट्यगृहांत प्रयोग पाहावा आणि नट ते शब्द स्वतःशी बोलतो की थेट आपल्याशी, याची नोंद ठेवावी. दोन्हींत पात्राचा प्रामाणिकपणा वेगळा भासतो.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी आवृत्ती मात्र तपासावी. चौथ्या अंकात नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याचे सैन्य पाहून हॅम्लेट स्वतःच्या दिरंगाईवर जे स्वगत बोलतो, ते १६०४-०५ च्या दुसऱ्या क्वार्टोत (एकट्या नाटकाच्या छोट्या आकाराच्या आवृत्तीत) आहे आणि १६२३ च्या पहिल्या फोलिओत (नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात) नाही. ते धरले तर सुडाला विलंब का होतो हे स्वतःलाच न उमगणारा हॅम्लेट अखेरपर्यंत दिसतो. ते वगळले तर इंग्लंडला निघण्यापूर्वीची ही शेवटची आत्मपरीक्षा नाटकातून नाहीशी होते. उत्तर लिहिताना आपण कोणता पाठ वापरला ते पहिल्या परिच्छेदातच नमूद करावे.