पेढीचा ईमेल जुन्या लॉगिनवरून नव्यावर कसा न्यावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात असताना पेढीचा मेल अडला की परपेठेतल्या व्यापाऱ्याचं बिल अडतं. पासवर्ड बरोबर असतो, तरी आउटलुक तो पुन्हा पुन्हा मागत राहतं. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, दोष त्याचा नसतो. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी जुनी लॉगिन पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. साध्या जीमेलवर ती ३० मे २०२२ ला बंद झाली, तर हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमवर १६ सप्टेंबर २०२४ ला.

जुन्या पद्धतीत प्रोग्राम तुमचा पासवर्ड साठवून दर वेळी सर्व्हरला देतो. ओटीपी विचारायला मध्ये जागाच नसते, त्यामुळे चोरीला गेलेला पासवर्ड कुठूनही चालतो. नव्या पद्धतीत, म्हणजे ओऑथमध्ये, गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं. पासवर्ड आणि ओटीपी तुम्ही तिथे देता, प्रोग्रामला मिळतं फक्त टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल परवानगी. ते हवं तेव्हा रद्द करता येतं.

१. आधी यादी करा. मालकांचा मोबाइल, दिवाणजींचा कॉम्प्युटर, बिलिंगचं सॉफ्टवेअर, स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन. हे मशीन हमखास विसरलं जातं.

२. जुने मेल वाचवा. खातं पीओपीवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर, असेल तर बरीच वर्षांचे मेल सर्व्हरवर नसून त्या एका कॉम्प्युटरवरच असू शकतात. आउटलुक मेल ज्यात साठवतं ती पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्याशिवाय खातं काढू नका. ही पायरी कितीही घाई असली तरी टाळायची नाही.

३. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही मागणारी सोय, सुरू करा. नंबर मालकांचाच द्या. दिवाणजींचा दिला आणि ते उद्या काम सोडून गेले, तर ओटीपी त्यांच्याकडे जाईल. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून तिजोरीत ठेवा.

४. खातं नव्याने जोडा. आउटलुक २०१० ला नवी पद्धत येत नाही, ते बदलावंच लागेल. थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जमध्ये जाऊन ऑथेंटिकेशन मेथड ओऑथ२ करा. हाच बदल आउटगोइंग सर्व्हरलाही करा, नाहीतर मेल येतील पण जाणार नाहीत.

५. आता झेरॉक्स मशीन. त्याला लॉगिनचं पान उघडता येत नाही. जीमेल असेल तर गूगल खात्यात १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे अशा मशीनसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करून मशीनमध्ये टाका. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, टीएलएस (मेल सुरक्षित पाठवण्याची सेटिंग) चालू. पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला तर हा अ‍ॅप पासवर्डही रद्द होतो आणि वजनाच्या पावत्या अचानक जायच्या थांबतात, म्हणून मशीनवर तशी चिठ्ठी चिकटवून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर अ‍ॅप पासवर्डच्या भरवशावर राहू नका. मशीनमधून स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये घ्या आणि तिथून मेल करा. एक टप्पा वाढतो, पण मला हाच मार्ग पक्का वाटतो.

६. यादीतल्या प्रत्येक ठिकाणाहून एक मेल पाठवून आणि एक मागवून बघा. सगळं चाललं की खात्याच्या सुरक्षा पानावरचे वापरात नसलेले अ‍ॅप पासवर्ड आणि विकून टाकलेले मोबाइल काढून टाका.